‘स्लीप ऑन इट’ म्हणजे चादरीवर झोपणे नव्हे : इंग्रजी वाक्प्रचार समजून घेण्याची रीत

काही वर्षांपूर्वी सोलापुरातील एका चादरींच्या कारखान्याने परदेशातील एका ग्राहकाला जेकार्ड चादरींचे चार नमुने पाठवले. नमुने पोहोचले, भाव कळवून झाला आणि दोन दिवसांनी ग्राहकाचा एका ओळीचा मेल आला : ‘लेट मी स्लीप ऑन इट.’ पत्रव्यवहार पाहणाऱ्या तरुणाने मोठ्या आनंदाने मालकांना सांगितले की पार्टी चादरीवर झोपून बघणार आहे, आणि त्याच आनंदात उत्तरही पाठवून दिले की झोपण्यापूर्वी चादर एकदा साध्या पाण्यातून काढावी, म्हणजे ती अंगाला अधिक मऊ लागेल. हा तरुण माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात येत असे. मेलची छापील प्रत माझ्यापुढे ठेवून त्याने विचारले, ‘मॅडम, यात चुकले कुठे? पाचही शब्द मला येतात.’

शब्द येत होते, हे खरेच होते. ‘स्लीप ऑन इट’ याचा अर्थ मात्र एवढाच की निर्णय आत्ता देत नाही, रात्रभर विचार करून उद्या सांगतो. आपणही सोयरीक ठरवताना किंवा जागेचा व्यवहार करताना ‘एक रात्र मध्ये जाऊ द्या’ असे म्हणतो आणि समोरचा त्याचा अर्थ बरोबर घेतो. ती रात्र कुठे जाणार आहे, असे कोणी विचारत नाही. ग्राहक दिलदार निघाला आणि ती गोष्ट हसण्यावारी गेली. प्रत्येक वेळी ती तशी जाईलच असे नाही, म्हणून इंग्रजी वाक्प्रचार कसे ओळखावेत, त्यांचा अर्थ कसा लावावा आणि ते आपण कधी वापरावेत, याची मी वर्गात सांगते ती रीत येथे लिहून काढली आहे.

सोलापूरच्या मुलांना ही रीत शिकवणे इतरांपेक्षा सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. पूर्व भागातील मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी बोलतो, शेजारच्या आजींशी कन्नडमध्ये दोन वाक्ये बोलतो आणि बाजारात हिंदी. एका भाषेतील गंमत दुसरीत जशीच्या तशी उतरत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. अडचण एवढीच की इंग्रजीच्या बाबतीत हे शहाणपण तो विसरतो आणि शब्दकोशातून एकेक शब्द उचलून अर्थाची भिंत रचू लागतो.

अर्थ शब्दांत नसतो, प्रसंगात असतो

एखाद्या परदेशी पाहुण्याला ‘चोर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला’ हे वाक्य समजावून सांगण्याचा प्रयत्न करून पाहावा. तुरी कोणत्या, किती, पोलिसांनी त्या घेतल्या का, असे सगळे प्रश्न त्याला पडतील, आणि आपल्या जिल्ह्यात तूर भरपूर पिकत असूनही आपल्याला त्यांपैकी एकाचेही उत्तर देता येणार नाही. तुरीच्या जागी हरभरा घातला की वाक्प्रचार मोडतो. आपल्याला माहीत असतो तो प्रसंग : पकडणारा बेसावध, पळणारा चलाख, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात थोडीशी चेष्टा. इंग्रजी वाक्प्रचारही असाच प्रसंगासकट शिकावा लागतो.

म्हणून पहिली सवय अशी लावावी की वाचताना एखादे वाक्य शब्दशः घेतले असता विचित्र वाटू लागले की तेथेच थांबावे. व्यवहाराच्या मेलमध्ये अचानक मांजर, पिशवी, झुडूप, खिळा किंवा केक आला, तर तो बहुधा वाक्प्रचार असतो. असा शब्दसमूह सापडला की तीन गोष्टी पाहाव्यात : बोलणारा कोण आणि कोणाला बोलतो आहे, त्याच्या आधी कशाची चर्चा चालली होती, आणि त्या वाक्यानंतर समोरच्याकडून काय अपेक्षित आहे. या तीन गोष्टींवरून निम्मा अर्थ कोश न उघडताच हाती लागतो. ‘स्लीप ऑन इट’च्या बाबतीत आधी भावाची चर्चा होती आणि पुढे निर्णय यायचा होता, एवढे लक्षात घेतले असते तरी चादर धुण्याचा सल्ला गेला नसता.

दुसरी सवय वहीची. वहीत नुसता वाक्प्रचार आणि त्यापुढे मराठी अर्थ अशी दोन रकान्यांची यादी करू नये, कारण अशी यादी परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरती टिकते. ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्य लिहावे, खाली प्रसंग लिहावा आणि त्याच प्रसंगी आपली आई, दुकानदार किंवा कार्यालयातील साहेब मराठीत काय म्हणाले असते ते लिहावे. वर्गातील एका मुलीच्या वहीतील नोंद उदाहरणादाखल देते. तिच्या कारखान्याला मेल आला होता : ‘कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर फॉर फाइव्ह थाउजंड पीसेस?’ तिने वाक्याखाली लिहिले होते, ‘पार्टीला पक्का भाव नको आहे. पाच हजार नगांना साधारण किती पडतील, एवढेच विचारते आहे. मालक म्हणतील : अंदाजपंचे सांगून टाक, पण अंदाज आहे असे लिही.’ या शेवटच्या पाच शब्दांत त्या मुलीला सगळे कळले होते. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलचे मैदान. आकडा त्या मैदानाच्या आत कुठेतरी पडला की पुरे, नेमक्या जागी पडण्याची गरज नाही. असा आकडा देताना तो अंतिम भाव नाही, हे उत्तरात स्पष्ट लिहावे, नाहीतर पुढे सुताचे दर वाढल्यावर वाद होतो.

कोशाविषयीही थोडेसे सांगितले पाहिजे. वाक्प्रचार त्यातील पहिल्या शब्दाखाली सापडेलच असे नाही. त्यातील मुख्य नामाखाली किंवा क्रियापदाखाली शोधावा. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या कोशांत अर्थाशेजारी ‘इन्फॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘ह्यूमरस’ अशा खुणा असतात. विद्यार्थी या खुणा ओलांडून सरळ अर्थाकडे धावतात, आणि माझ्या मते निम्म्या चुका तेथेच होतात.

चित्र सारखे, अर्थ वेगळा

सर्वांत जास्त घात करतात ते वाक्प्रचार, ज्यांचे चित्र मराठीतही आहे. अनोळखी चित्र दिसले की आपण सावध होतो, कोश उघडतो. ओळखीचे दिसले की अर्थही ओळखीचाच असणार, असे गृहीत धरून पुढे जातो.

हात धुण्याचेच पाहा. इंग्रजीत एखादा म्हणाला, ‘आय वॉश माय हँड्स ऑफ धिस मॅटर’, तर त्याचा अर्थ तो या प्रकरणाची जबाबदारी झटकतो आहे, यापुढे त्याचा संबंध नाही. बायबलमध्ये येशूच्या शिक्षेच्या वेळी पाँटियस पायलेट हा रोमन अधिकारी जमावासमोर हात धुऊन आपण या रक्तपातात दोषी नाही असे सांगतो, त्या प्रसंगाची ही आठवण आहे. मराठीत मात्र वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा माणूस संधीचा फायदा उपटतो, आणि हात धुऊन मागे लागणारा तर अजिबात पिच्छा सोडत नाही, म्हणजे जवळपास उलटाच अर्थ. इंग्रजी वाक्प्रचाराचा मराठी जोडीदार ‘हात झटकणे’ किंवा ‘अंग काढून घेणे’ हा आहे. त्यात पाणी कुठेच नाही. जोडीदार शोधताना चित्र जुळते का हे पाहू नये, काम जुळते का हे पाहावे.

पायाचीही तीच कथा. ‘ही इज पुलिंग युअर लेग’ म्हणजे तो तुमची थट्टा करतो आहे, तुम्हाला खोटेच काहीतरी सांगून गंमत बघतो आहे. मराठीत पाय ओढणारा माणूस वर चढणाऱ्याला खाली खेचतो, आणि ते करताना त्याच्या मनात थट्टा नसते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वरिष्ठांकडे इंग्रजीत तक्रार केली की सहकारी आपले पाय ओढतात, आणि वरिष्ठांनी ‘थोडी गंमत सहन करायला शिका’ असे उत्तर दिले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

‘ईट युअर वर्ड्स’ याचा अर्थ आपलेच बोलणे चुकीचे ठरल्यामुळे खाली मान घालून ते मागे घेणे. मराठीत शब्द खाणारा माणूस भरभर बोलताना उच्चार गिळतो. ‘गिव्ह हिम अ हँड’ म्हणजे त्याला मदतीचा हात द्या, आणि येथपर्यंत मराठी बरोबर चालते. पण सभेत सूत्रसंचालक ‘गिव्ह हिम अ बिग हँड’ म्हणाला, तर हात पुढे करू नये, टाळ्या वाजवाव्यात. ‘टेक इट टू हार्ट’ याला मराठीत ‘मनावर घेणे’ असे सर्रास लिहिले जाते. एखाद्याने टीका मनाला लावून घेतली, असा अर्थ असेल तर ‘मनाला लावून घेणे’ हेच लिहावे, कारण ‘त्याने मनावर घेतले’ म्हटले की मराठी माणसाला तो आता काम तडीस नेणार असे वाटते.

माझा सर्वांत आवडता जोड घोंगड्याचा आहे. इंग्रजीत ‘वेट ब्लँकेट’ म्हणजे रंगाचा बेरंग करणारा माणूस : सहलीचा बेत ठरत असताना ‘पाऊस येईल, गाडी बंद पडेल, डबे सांडतील’ असे म्हणत सर्वांचा उत्साह विझवणारा. आग विझवण्यासाठी तिच्यावर ओले कांबळे टाकतात, तेच चित्र. आपल्याकडे भिजत पडलेले घोंगडे म्हणजे निर्णय न होता रेंगाळलेले प्रकरण. कापड तेच, पाणी तेच. एका भाषेत त्याने आग विझते आणि दुसरीत ते वाळता वाळत नाही. नगरपालिकेच्या एखाद्या रखडलेल्या कामाला कोणी इंग्रजीत ‘वेट ब्लँकेट’ म्हटले, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही.

शरीराच्या बाबतीत एक छोटीशी गंमतही सांगून ठेवते. आपल्यामागे कोणी आपला विषय काढला की इंग्रजी माणसाचे कान गरम होतात, ‘माय इअर्स वेअर बर्निंग’. आपल्याला उचकी लागते.

मागावरून आलेले वाक्प्रचार

सोलापूरकरांनी कापडाच्या धंद्यातून इंग्रजीत आलेले वाक्प्रचार आधी शिकावेत, असा माझा आग्रह आहे, कारण त्यांतील चित्र आपल्या डोळ्यांसमोर रोज असते.

‘ऑन टेंटरहुक्स’ हा त्यांतील उत्तम नमुना. इंग्लंडात पूर्वी विणलेले लोकरीचे कापड धुऊन झाल्यावर आकसू नये म्हणून लाकडी चौकटींवर ताणून मोकळ्या शेतात वाळवत असत. त्या चौकटीला टेंटर म्हणत आणि कापडाच्या कडा ज्यांत अडकवत त्या आकड्यांना टेंटरहुक्स. ताणून धरलेल्या त्या कापडासारखी मनाची अवस्था झाली की माणूस ‘ऑन टेंटरहुक्स’ असतो : निकाल लागायचा आहे, दवाखान्यातून फोन यायचा आहे, कंटेनर बंदरावर अडकला आहे. वर्गात मी हे सांगितले तेव्हा प्रोसेस हाऊसमध्ये काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, ‘म्हणजे आमचे स्टेंटर?’ अगदी तेच. कापड दोन्ही कडांनी धरून, ताणून, गरम हवेतून वाळवत नेणाऱ्या यंत्राला आजही स्टेंटर म्हणतात, आणि तो शब्द त्याच टेंटरच्या घराण्यातला आहे. मराठीत याचा नेमका जोडीदार ‘जीव टांगणीला लागणे’ हा आहे. दोन्ही भाषांनी काळजीला टांगूनच ठेवले, हे मला विशेष वाटते.

‘डाइड इन द वूल’ हाही तितकाच सुंदर. लोकर कातण्यापूर्वीच रंगवली तर रंग आतपर्यंत मुरतो आणि सहसा उतरत नाही. कापड विणून झाल्यावर वरून दिलेल्या रंगाला तो पक्केपणा येत नाही. आपली चादरही सूत आधी रंगवूनच विणतात, म्हणून हे चित्र येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मतांनी आणि सवयींनी जो आतून-बाहेरून पक्का, त्याला हा वाक्प्रचार लावतात. मराठीत आपण ‘हाडाचा शिक्षक’ म्हणतो, पण त्यात निव्वळ कौतुक असते. इंग्रजी वाक्प्रचारात बहुतेक वेळा ‘कट्टर’ या शब्दातला हट्टीपणाही असतो, तेव्हा निवृत्तीच्या समारंभात गुरुजींच्या गौरवासाठी तो वापरताना विचार करावा.

‘स्पिन अ यार्न’ म्हणजे सूत कातणे, आणि वाक्प्रचार म्हणून लांबलचक, रंगवलेली, बरेचदा खोटी गोष्ट सांगणे. उशिरा आलेल्या कामगाराने गाडी बंद पडल्याची कहाणी रचली की तो यार्न स्पिन करतो. ‘लूज एंड्स’ म्हणजे कामाच्या शेवटी राहिलेली किरकोळ टोके, जी गाठ मारून संपवायची असतात. पण ब्रिटिश बोलीत एखादा ‘अ‍ॅट अ लूज एंड’ असला, तर त्याला सध्या काही कामच नाही. ‘कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ’ याचा अर्थ मी सांगणार नाही, कारण चादरीच्या गावात अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सांगण्याची गरज नाही.

टॉवेलचा वाक्प्रचार मात्र मागावरून नव्हे, बॉक्सिंगच्या रिंगणातून आला आहे. आपल्या खेळाडूला आता मार सोसवत नाही असे दिसले की त्याच्या बाजूचा माणूस रिंगणात टॉवेल फेकतो आणि हार मान्य करतो, त्यावरून ‘थ्रो इन द टॉवेल’. त्यासाठी मराठीत ‘नांगी टाकणे’ लिहावे की ‘हात टेकणे’, हे प्रसंगावर ठरते. नांगी टाकण्यात तुच्छता आहे, हात टेकण्यात वैताग आहे; इंग्रजीत यांपैकी काहीच नसते, झुंज देऊन झाल्यावरची माघार एवढेच असते. टॉवेलच्या निर्यातदाराला ‘वी आर नॉट थ्रोइंग इन द टॉवेल येट’ असा मेल आला, तर मालाशी त्याचा संबंध जोडू नये. ग्राहक अजून प्रयत्न सोडत नाही, एवढीच ती बातमी आहे, आणि ती चांगली आहे.

रोजच्या कामातील काही

कार्यालयीन पत्रव्यवहारात वारंवार भेटणारे थोडक्यात सांगते. ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ म्हणजे आमच्या बाजूचे झाले, आता पुढचे पाऊल तुमचे. ‘कॉल इट अ डे’ म्हणजे आजचे काम येथेच थांबवू. ‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. ‘बीट अराउंड द बुश’ म्हणजे मुद्द्यावर न येता घोळवत राहणे. ताकाला जाऊन भांडे लपवणाऱ्याला संकोच असतो, या इंग्रजी माणसाला तो असेलच असे नाही. ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे काटकसर नव्हे. पैसे किंवा वेळ वाचवण्यासाठी कामाच्या दर्जात मारलेली काट, आणि तो आरोप असतो. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे सठीसामाशी. ‘अ पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हाताचा मळ, आणि मुलाखतीत ‘हे काम माझ्यासाठी पीस ऑफ केक आहे’ असे म्हणणाऱ्याला ती नोकरी मी तरी देणार नाही.

‘अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर’ याविषयी मात्र थोडे थांबावे लागते, कारण तो वाचून विद्यार्थी घड्याळाकडे बघतात. हाही बायबलमधील एका कथेतला आहे : द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर मजूर गोळा करत राहतो आणि शेवटच्यांना अकराव्या तासाला कामावर घेतो. दिवसाचे बारा तास सूर्योदयापासून मोजले, तर अकरावा तास म्हणजे दिवस मावळण्याच्या आधीचा, आपल्या हिशेबाने संध्याकाळचे पाच. द्राक्षांच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातही मजूर मिळवण्याची धावपळ असते, त्यामुळे कथा आपल्याला परकी वाटू नये. अर्थ ‘अगदी ऐनवेळी’, आणि घड्याळात किती वाजले याच्याशी त्याचा संबंध नाही.

काही वाक्प्रचार मराठीत येऊन इतके मुरले आहेत की ते पाहुणे आहेत हेही आपण विसरलो : हिमनगाचे टोक, चहाच्या पेल्यातील वादळ, पांढरा हत्ती, लालफीत. यांची काळजी करू नये. फक्त दोघांकडे लक्ष द्यावे. ‘ग्रीन लाइट’चा मराठीत येताना हिरवा कंदील झाला आणि त्यात रेल्वेच्या गार्डाचा हात दिसू लागला; अर्थ तोच राहिला. ‘लायन्स शेअर’चे तसे नाही. ज्या नीतिकथेवरून तो आला तिच्यात सिंह सगळी शिकार स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे इंग्रजीत त्याला बळकावण्याचा वास असू शकतो. मराठीत ‘या यशात त्यांचा सिंहाचा वाटा आहे’ हे शुद्ध कौतुक झाले आहे. मराठी भाषण इंग्रजीत उतरवताना हे लक्षात ठेवावे, नाहीतर सत्कारमूर्तींनी यशातला मोठा वाटा उचलून नेला, असे वाचले जाईल.

कोणाला, कुठे, कोणत्या देशात

वाक्प्रचाराला अर्थाइतकीच पायरी असते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे पुस्तकात लिहिलेले असते; पण तो आपल्या ‘गचकणे’च्या पायरीवरचा आहे. साहेबांच्या वडिलांविषयी सांत्वनाचे पत्र लिहिताना जसे ‘ते गचकल्याचे कळले’ असे आपण लिहिणार नाही, तसेच हेही लिहू नये. तेथे ‘पास्ड अवे’ लिहावे. ‘अंडर द वेदर’ हा सर्दी-तापापुरता आहे, अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाविषयी वापरू नये. ‘ब्रेक अ लेग’ ही शुभेच्छा रंगमंचावर जाणाऱ्याला देतात. हुतात्मा स्मृती मंदिरात पडदा उघडण्यापूर्वी नटाला ती शोभेल, मोटारसायकलवरून पंढरपूरला निघालेल्या मित्राला देऊ नये. आणि ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हा आपल्या शाळांतून सर्वांत आधी शिकवला जाणारा वाक्प्रचार आज बोलण्यात फार कमी ऐकू येतो. त्याच्या उगमाच्या तीन-चार कथा फिरतात आणि एकीलाही भक्कम पुरावा नाही. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या गावात तो नाही वापरला तरी चालेल.

देशागणिक अर्थ फिरतो, हेही ध्यानात ठेवावे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, आणि म्हणून आपल्याकडेही, एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे, विधिमंडळाच्या भाषेत पटलावर ठेवणे. अमेरिकेत ‘टेबल’ करणे म्हणजे तो विषय सध्या बाजूला सारणे. दोन्ही देशांची माणसे एका बैठकीत असतील, तर हा शब्द टाळून सरळ वाक्य वापरावे. क्रिकेटमधून आलेला ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीची परिस्थिती. इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन ग्राहकाला तो कळेल, अमेरिकन ग्राहकापुढे फुकट जाईल.

आपण स्वतः घडवलेले इंग्रजीही येथेच येते. ‘साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत’ हे आपल्याकडे कोणालाही कळते, बाहेर मात्र साहेब नेमक्या कोणत्या स्थानकाबाहेर उभे आहेत असा प्रश्न पडू शकतो. ‘आउट ऑफ टाउन’ लिहावे. ‘आय पास्ड आउट इन 2019’ असे अर्जात लिहिणाऱ्याला पदवी मिळाली असे आपण समजतो, परदेशातील वाचक मात्र त्याला त्या वर्षी भोवळ आली असे समजू शकतो. तेथे ‘ग्रॅज्युएटेड’ हा शब्द ठेवावा. ‘डोके खाऊ नकोस’चे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह तर कायमचा सोडावा.

वापरताना

समजणे आणि वापरणे यांत अंतर ठेवावे. नवा वाक्प्रचार निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी भेटल्याशिवाय आपण वापरू नये, असा नियम मी वर्गात घालून दिला आहे. एका पत्रात एकच पुरे. तीन घातले की पत्र शाळकरी वाटते, जसे मराठी निबंधात प्रत्येक परिच्छेदाला म्हण घालणारा विद्यार्थी लगेच ओळखू येतो. भाव, मुदत, वजन, दोषाची जबाबदारी आणि पैसे यांच्याविषयी लिहिताना तर एकही वापरू नये, सरळ शब्दांत लिहावे.

वापरायचा ठरवला, तर त्याचा साचा मोडू नये. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. त्यातील बीन्स अनेकवचनीच राहतात, एकच दाणा सांडता येत नाही. ‘अ पीस ऑफ केक’मध्ये ‘द’ घुसवला की तो खरोखरचा केकचा तुकडा होतो. काळ मात्र बदलतो : बीन्स काल सांडले, उद्या सांडतील, हे चालते. ‘पुलिंग माय लेग’मधला ‘माय’ माणसाप्रमाणे बदलतो. ‘किक द बकेट’ उलटवून ‘द बकेट वॉज किक्ड’ केले, तर बादलीला लाथ बसते आणि माणूस जिवंत राहतो.

शेवटचे राहिले ते न कळल्यास काय करावे. अंदाजाने उत्तर पाठवू नये आणि गप्पही बसू नये. ‘कुड यू प्लीज क्लॅरिफाय व्हॉट यू मीन बाय धिस?’ एवढे एक वाक्य पाठ करून ठेवावे, त्यात कमीपणा नाही. ज्याने वाक्प्रचार लिहिला त्याला तो समजावून सांगायला बहुधा आवडतेच. मेलला उत्तर देण्याची घाई नसेल तर आधी कोश पाहावा, मग विचारावे.

चादर धुऊन घ्यायला सांगणारा तो तरुण पुढे टेरी टॉवेलच्या कारखान्यात लागला. तेथे त्याच्या पहिल्याच आठवड्यात मेल आला : ‘प्लीज कीप मी इन द लूप.’ टेरी टॉवेलच्या पृष्ठभागावर धाग्याचे जे वेटोळे असतात त्यांना त्या धंद्यात लूपच म्हणतात, आणि लूपच्या उंचीवरही टॉवेलचा दर्जा अवलंबून असतो. त्याने उत्तर लिहायला घेतले नाही. मला फोन करून म्हणाला, ‘मॅडम, आमच्या लूपशी याचा काही संबंध नसणार, एवढे कळले. मला पुढचे सगळे कळवत राहा, असेच म्हणतो आहे ना?’